मले भूक नाई

कमलीनं काठी मनापासून चालवली. पहिला तडाखा पाहुण्याच्या खांद्यावर बसला, दुसरा पाठीवर. तिसरा मात्र... तिसऱ्याच्या वेळी तो वळून हसला, आणि काठी वरच्या वर थांबली.

"मार ना!" तो म्हणाला. "काहून थांबली?"

होळीच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ होती. इंझोरीजवळच्या तांड्यात कमलीच्या बापूंच्या, गोविंदसिंगाच्या अंगणात नातवाची धुंड चालली होती. ज्या घरी वर्षभरात मुलगा झाला, त्या घरापुढं खुंटा रोवायचा आणि त्याला सुवाळ्यांनी भरलेली चरवी बांधायची. गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून तळलेल्या त्या पुऱ्यांची बायकांनी काठ्या घेऊन राखण करायची, आणि गड्यांनी मार खात खात चरवी पळवून वाटून खायची. वर्षातून एकदाच गड्यांना असं राजरोस बडवायला मिळतं, म्हणून त्या दिवशी कुणीही बाई हात राखत नाही.

पण बाकीच्या बायका खेळत होत्या, आणि कमली जिवाच्या आकांतानं लढत होती. त्या चरवीपर्यंत कुणी पोचू नये असं तिच्याइतकं त्या अंगणात कुणालाच वाटत नव्हतं. तरी ती थांबली... एका हसण्यासाठी थांबली! तेवढ्यात पाहुणा वाकला, खुंटा हलवून हलवून उपटला, आणि चरवी काखेत मारून पळाला.

हा पाहुणा म्हणजे सेवालाल. कमलीची भावजय धनी, तिचा धाकटा भाऊ. शेलूबाजारकडच्या तांड्यातून भाच्याच्या धुंडीसाठी आलेला. कडुनिंबामागं जाऊन त्यानं चरवीचं फडकं सोडलं, आत हात घातला आणि तसाच उभा राहिला.

चरवीत एकसुद्धा सुवाळी नव्हती. आत घरचा वरवंटा होता.

त्यानं मान वर केली. अंगणाच्या पल्याडच्या टोकाला कमली काठी छातीशी धरून उभी होती. गालांवर रंग होता, पण ओठ पांढरे पडले होते. ती त्याच्याकडे अशी बघत होती की त्याला सगळं कळलं.

गडी धावत आले, तेव्हा वरवंटा धोतराच्या सोग्यात गेला होता आणि सेवालालचे दोन्ही गाल फुगले होते. डोळे मिटून, मान डोलवत, तो मोठ्या चवीनं काहीच नसलेलं चावत होता.

"सबन खाल्ल्या?" कमलीचा भाऊ हेमसिंग ओरडला.

"भूक लय लागली होती गा भाऊजी," सेवालालनं गिळल्यासारखं केलं. "तुमी मांगं राहले, त्याले म्या काय करू?"

मग गड्यांनी त्याला बायकांपेक्षा जास्त बडवलं. तांड्याच्या प्रमुखानं, लखीराम नायकानं, हसत हसत शिक्षा सुनावली, की या खादाड पाहुण्यानं आज जायचं नाही, लाकडं फोडायची आणि अख्ख्या तांड्याला स्वतः सुवाळ्या तळून घालायच्या. कणीक मळायला कोण? धनीनं नणदेला पुढं ढकललं. खादाड हे नाव खरं कुणाचं होतं, ते त्या तांड्यात फक्त दोघांना ठाऊक होतं.

*

कढई चुलीवर चढली. सेवालाल झारा धरून बसला होता, पण धरला होता कुदळीसारखा. कमली खाली मान घालून कणीक तिंबत होती... गरजेपेक्षा फार जास्त तिंबत होती.

"तुमची सुवाळी लय कडक होती," तो हळूच म्हणाला, आणि सोग्यातला वरवंटा काढून तिच्या परातीमागं ठेवला. "दात पडले असते माहे."

तिला हसू आलं, आणि लगेच लाजेनं कानशिलं तापली. "भोजाई सकायपासून हुडकून राह्यली त्याले."

"मंग सांग तिले, पाहुण्यानं खाल्ला म्हना. माहं नाव तं झालंच हाये."

"कोनाले... कोनाले सांगशीन तू?"

"काय सांगू? तू मले मारलं थे? दोन वळ हायेत पाठीवर. तिसरा बाकी हाये तुह्याकडं." त्यानं सुवाळी उलटली, ती एका बाजूनं काळी झाली होती. मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "भूक लागली होती काय?"

साधा प्रश्न. पण कमलीचे हात परातीत थांबले. गेल्या वर्षभरात तिला लोकांनी पुष्कळ काही विचारलं होतं. अवं, चोळी घट्ट झाली काय? टोपल्यातल्या भाकरी कुठं गेल्या? हे कुणी विचारलं नव्हतं.

"मले भूक नसते," ती तुटकपणे म्हणाली. "कवाच नसते."

"मंग?"

"मंग काई नाई. तुह्या सुवाळ्या जळून राह्यल्या, तिकडं पाय!"

त्यानं पाहिलं. खरंच जळत होत्या. तांड्यानं त्या दिवशी काळ्या सुवाळ्या खाल्ल्या, पाहुण्याला नावं ठेवली आणि आणखी मागून घेतल्या. कमलीनं मात्र एकही खाल्ली नाही, आणि आपण खाल्ली नाही हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

*

खरं काय झालं होतं, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. सुवाळ्या दर होळीला तिची आई तळायची, तिची याडी... रामीबाई. पहिली सुवाळी फुंकर घालून कमलीच्या तोंडात द्यायची आणि विचारायची, गोड झाली काय? या वर्षी धनीनं तळल्या. चरवी भरून ती सगळ्यांबरोबर नायकाच्या दारी गेली, आणि घरात कमली आणि ती चरवी, दोघीच उरल्या. कमलीनं एक उचलली. कुणी विचारलं नाही. म्हणून दुसरी उचलली. कधीतरी बोटं तळाला लागली. गोड होत्या की अळणी, देव जाणे. नगारा वाजायला लागला तसा तिनं घाबरून वरवंटा आत टाकला आणि फडकं घट्ट बांधलं.

हे तिचं वर्षभर चाललं होतं. आधीचा उन्हाळा वाईट गेला होता. ज्वारीच्या कणगीचा तळ दिसत होता, आणि याडी सगळ्यांना वाढून झालं की आपली भाकरी कमलीच्या ताटात टाकायची. "खाय तू. मले भूक नाई." कमली खायची. आई म्हणते नाही, म्हणजे नसेल! मग साधा ताप आला, आणि साध्या तापात याडी उठेनाशी झाली. इंझोरीच्या वैद्यबुवांनी मनगट धरलं, पोटावर हात फिरवला आणि गोविंदसिंगाला विचारलं, "हिच्या पोटात अन्न कधीपासून नाही?" कमली उंबऱ्यात उभी होती. तिच्या हातात याडीनंच दिलेली भाकरी होती, अर्धी खाल्लेली.

त्याच दिवशी याडी गेली, तेव्हा सगळ्या बाया गळ्यात गळे घालून, सूर लावून रडल्या. तांड्यात रडणंसुद्धा गाऊन होतं. कमली रडली नाही. तिनं हातातली ती उरलेली अर्धी भाकरी तोंडात घातली आणि चावत राहिली.

तेव्हापासून छातीत काही दाटून आलं की हात टोपल्याकडे जायचा. दुपारी सगळे रानात गेले की शिळी भाकरी, गूळ, फुटाणे, हाताला लागेल ते. खाल्लं की रडू खाली बसायचं. रात्रीच्या जेवणाला बापू आपल्या ताटातली अर्धी भाकरी तिच्याकडे सरकवायचे, तीही ती खायची. पोरगी खाते, म्हणजे पोरगी दुःखातून बाहेर आली, असं तांडा म्हणायचा.

*

रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत सेवालाल पुन्हा भेटला. चुकून भेटला असं तो म्हणाला. आता एवढ्या गर्दीत गाड्या बरोबर शेजारी शेजारी सुटतात, याला चुकून म्हणायचं असेल तर म्हणावं. धनी बाळाला घेऊन दर्शनाला गेली आणि जाताना भावाकडे बघून अशी काही हसली, की कमलीनं ओढणी पुढं ओढली.

तिच्या मांडीवर फुटाण्यांचा पुडा होता, आणि हात पुड्यातून तोंडाकडे एकसारखा चालला होता. सेवालाल बैलांपुढं कडबा टाकत होता. त्याचा पांढरा बैल, हिऱ्या, थोडं खाऊन तोंड फिरवून उभा राहिला.

"पाय," सेवालाल म्हणाला. "पोट भरलं की तोंड फिरवते. मंग सोन्याचा घास दिला तरी घेत नाई."

"मंग? मी बैल हाओ काय?"

"छ्या! बैल तुह्याहून शहाना हाये."

तिनं मूठभर फुटाणे त्याच्या अंगावर फेकले. तो हसला, तीही हसली... आणि हसता हसता तिचा चेहरा एकदम असा वाकडा झाला की तो कडबा टाकून जवळ आला. मग तिनं सांगितलं. गाडीच्या सावलीत, धुळीत बोटानं रेघा ओढत सांगितलं. याडीची भाकरी, वैद्यबुवा, उंबरा. कुणालाच न सांगितलेलं ते सगळं तिनं एका खादाड पाहुण्याला सांगितलं.

"मी खाल्लं तिचं," ती म्हणाली. "तिच्या तोंडचं खाल्लं. अन् मले रडू बी येत नाई."

 सेवालाल तिच्याच वयाचा, फार तर दोन उन्हाळे मोठा. त्यानं बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ चाचपली.

"येक कर," तो शेवटी म्हणाला. "हात टोपल्यात घालाच्या आंधी दुसरा हात पोटावर ठेव. अन् पोटाले इचार, भूक हाये काय? हाये म्हनलं, तं खाय. पोटभर खाय, लाजू नोको. नाई म्हनलं, तं... तं मले याद कर."

"तुले कायले?"

"तेवढंच माहं काम होईन," तो म्हणाला, आणि यात्रेच्या धुळीतही त्याचे कान लाल झालेले दिसले.

पुढचं काम धनीनं केलं. भावासाठी नणदेला मागितलं, दोन्हीकडची गोतं पाहिली, आणि वैशाख सरायच्या आत बोलणी पक्की झाली. लग्न पुढच्या वैशाखात.

*

आता इथं गोष्ट संपती, तर किती बरं झालं असतं! पण मन काही पोरींच्या सोयीनं चालत नाही.

कमली पोटावर हात ठेवायला शिकली. कधी पोट हो म्हणायचं, आणि ती गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी अशी खायची की तिची चव तिला खरोखर लागायची. कधी पोट गप्प राहायचं, आणि मग तिला कळायचं की भूक नाहीये, धनीच्या बोलण्याचा राग आहे, किंवा कोपऱ्यातल्या याडीच्या घागऱ्याकडे नजर गेली आहे. पण कळलं म्हणून हात थांबायचाच असं नाही. चांगले चार दिवस जायचे, आणि मग एखाद्या दुपारी गुळाचा अख्खा खडा संपायचा.

त्यात लग्नाच्या पोरींना रडणं शिकवायला झमकूबाई यायची. तांड्याची नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते, रडत रडत गायचा निरोप. त्याचे सूर असतात, शब्द असतात, ते आधी शिकावे लागतात. म्हाताऱ्या झमकूबाईनं सूर धरला की पोरींच्या डोळ्यांतून आपोआप पाणी यायचं. कमलीचं तोंड उघडायचं आणि तसंच राहायचं.

"कोरड्या डोयाची नवरी पाह्यली नाई म्या," झमकूबाई म्हणायची. "पोरी, न रडता गेलीस तं माहेर तुह्या नरड्यात अडकून राहीन. जलमभर."

घरी येऊन कमली खायची. आणि एके दिवशी तिनं ठरवलं, की बस झालं. आता खायचंच नाही. हा हातच मेला टोपल्यात जाऊ द्यायचा नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. तिसऱ्या दिवशी ती पऱ्हाटीत चक्कर येऊन पडली. शुद्धीवर आली तेव्हा पुढ्यात सेवालाल होता, कापूस न्यायला गाडी घेऊन आलेला. तोंडावर पाणी मारत होता.

"जेवली काय आज?"

"मले भूक नाई," कमली म्हणाली.

तो एवढा चिडलेला तिनं कधी पाहिला नव्हता. "कोनाची भाषा बोलून राह्यली वं तू? तुह्या याडीची ना? तीबी अशीच म्हने. तिनं तुमाले फसवलं, अन् तू मले फसवून राह्यली!"

"याडीचं नाव घेऊ नोको!"

"घेईन! मले अशी बायको नाई पायजे, जे माह्यासमोर उपाशी मरीन अन् म्हनीन भूक नाई!"

"मंग नोको करू!" कमली उठून बसली. कापसाची बोंडं केसांत अडकली होती. "जाय. सांग तुह्या बापाले, पोट्टी खादाड हाये. चरवी तिनंच खाल्ली होती. जाय ना!"

तो गेला. गाडी रिकामीच नेली. त्या दुपारी कमलीनं काय काय खाल्लं ते सांगत नाही. सांगून कुणाचं भलं होणार नाही.

*

एक महिना गेला. सेवालालकडून ना निरोप, ना मोडल्याची बातमी. त्यानं कुणाला काही सांगितलंच नव्हतं. दोन घरं आपली लग्नाच्या तयारीत, आणि नवरा-नवरी एकमेकांवर रुसलेले.

कमलीला त्याचं एक वाक्य सोडत नव्हतं. तिनं तुमाले फसवलं. एवढे दिवस ती म्हणत होती, मी खाल्लं. आपण खाल्लं, आपण मारलं. आता प्रथमच तिला याडीचा राग आला. एक शब्द बोलली असती तर? भूक हाये, एवढंच म्हणाली असती, तर अर्धी अर्धी वाटून खाल्ली असती ना दोघींनी... त्या दिवशी हात टोपल्याकडे गेला, पोटावर थांबला, आणि परत आला. राग तसाच राहिला. तो खाऊन संपण्यातला नव्हता.

पौषात ती धनीबरोबर शेलूबाजारच्या बाजाराला गेली. धनी पाटल्या बघायच्या निमित्तानं दुकानात शिरली, आणि कमली गाड्यांच्या रांगेतून चालत राहिली. हिऱ्या तिनं लांबून ओळखला. सेवालाल जुवाला टेकून बसला होता. तिला पाहून तो उठला. वाळला होता जरा.

कमलीनं पोटावर हात ठेवला. सगळ्या बाजारादेखत. 

"मले..." ती अडखळली. चारच शब्द, पण तिच्या घरात ते कुणी बाई कधी बोलली नव्हती. "मले भूक लागली हाये."

 सेवालालनं घाईघाईनं शिदोरी सोडली. ज्वारीची भाकरी, ठेचा, फोडलेला कांदा. दोघं गाडीखाली बसले. ती खात होती, हळूहळू, आणि तो बघत होता. अर्धी भाकरी झाली, आणि तिनं हात मागं घेतला.

"पुरे?"

"पुरे."

"तोंड फिरवलं की नाई हिऱ्यावानी?" तो म्हणाला. "कमले, मले वाटलं तू येतच नाई."

"तू आला नाईस."

"मी भेलो. म्हनलं, तिची याडी काढली म्या तोंडातून." त्यानं उरलेली भाकरी तिच्या हातातून घेतली. "पन मले तूच पायजे. खादाड हायेस तं खादाड. फक्त खरं सांगत जाय."

माणसं प्रेम कबूल करताना चंद्र-तारे काढतात म्हणे. या दोघांचं कांद्याच्या वासात झालं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते दोघांनीही कांद्यावर ढकललं.

*

वैशाखात लग्न लागलं. निघायचा दिवस उजाडला. धनीच्या गळ्यात पडली, हेमसिंगच्या गळ्यात पडली, तांड्यातल्या एकेका बाईच्या गळ्यात पडली. झमकूबाईनं शिकवलेले शब्द तिनं म्हटले. सगळे रडले, पण तिचे डोळे कोरडेच. "रड वं पोरी," झमकूबाई कानात म्हणाली. "रड. मंग कवा रडशीन?"

मग तिला हिऱ्याच्या पाठीवर उभं केलं. तांड्याची नवरी बैलावर उभी राहून, हात वर करून, गाऊन तांड्याचा शेवटचा निरोप घेते, आणि मग खाली बघायचं नसतं, उतरायचं तर नसतंच. कमली उभी राहिली. वरून तिला सगळा तांडा दिसला. कडुनिंब दिसला, घराचा उंबरा दिसला. तिनं हात वर केले. नगारा थांबला. सगळे वाट बघू लागले... आणि तिच्या गळ्यातून सूर निघेना. बायांची कुजबुज सुरू झाली. सेवालाल बैलाचं दावं धरून खाली मान घालून उभा होता.

तेवढ्यात गर्दीतून बापू आले. फडक्यात बांधलेली शिदोरी त्यांनी वर केली. "वाटेनं खाजो, बाई."

"बापू, तुमी जेवले?" कमलीनं सहज विचारलं.

"मले भूक नाई," गोविंदसिंग म्हणाले.

कमलीचे वर केलेले हात खाली आले. तिनं बापूंकडे पाहिलं. बैलावरून माणूस वरून दिसतो. गळ्याची हाडं दिसतात, सदरा खांद्यावर कसा लोंबतो ते दिसतं. दोन वर्षं हा माणूस रोज अर्धी भाकरी तिच्याकडे सरकवत होता, आणि दोन वर्षं ती खात होती. याच घरात, त्याच शब्दांनी!

ती बैलावरून उतरली. बाया ओरडल्या, "अवं, उतरू नोको! अपशकून व्हते!" तिनं ऐकलं नाही. तिनं बापूंच्या पोटावर हात ठेवला. पोट पाठीला लागलं होतं.

"खोटं," ती म्हणाली. "खोटं बोलून राह्यले तुमी. तुमाले भूक हाये."

"नाई वं बाई..."

"हाये! याडीनं बी असंच केलं. मले फसवलं तिनं. आता तुमी नोको." तिनं शिदोरी सोडली, भाकरी मोडली, आणि घास बापूंच्या तोंडाशी नेला. "खा. माह्या समोर खा, नाई तं मी जात नाई."

गोविंदसिंगांनी तोंड उघडलं. सगळ्या तांड्यासमोर तो म्हातारा लेकीच्या हातचा घास चावू लागला, आणि चावता चावता त्याचे गाल भिजले. तो घास गिळून दुसऱ्या घासासाठी त्यानं आपण होऊन तोंड उघडलं.

ते पाहिलं आणि कमलीचा गळा उघडला.

"याडी वं!" ती ओरडली. "याडी, तुले भूक होती! तुह्या हाताची भाकर मी खाल्ली, अन् तू दारात उपाशी बसली... याडी, येक डाव तं सांगाचं होतं! अर्धी तुले, अर्धी मले... याडी, तू काहून नाई सांगतलं?"

हे शब्द झमकूबाईनं शिकवलेले नव्हते. सूर मात्र तोच होता. एकेक बाई तिच्याभोवती आली, आणि सगळ्या मिळून रामीबाईला पुन्हा रडल्या. त्या दिवशी तो तांडा नवरीला रडला की मेलेलीला, ते कुणालाच सांगता आलं नसतं. झमकूबाई तेवढी डोळे पुसत पुटपुटली, "निघालं. निघालं येकदाचं."

*

गाडी शेलूबाजारच्या वाटेला लागली तेव्हा ऊन कलत होतं. पळसाची फुलं केव्हाच गळून गेली होती, नुसती नवी पानं.  सेवालाल कासरा सैल सोडून म्हणाला, "तुह्या भोजाईनं वरवंटा देला काय संगं?"

कमलीच्या सुजलेल्या तोंडावर हसू उमटलं. "तिसरा वळ बाकी हाये तुहा. जपून राहाजो."

थोडी वाट गेली.

"भूक लागली काय?"

तिनं पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "लागली."

तिनं शिदोरीतली एक भाकरी काढली आणि खाल्ली. प्रत्येक घासाला चव होती. ज्वारीची, मिठाची, चुलीच्या धुराची. अर्ध्यावर पोट भरलं, तशी तिनं उरलेली अर्धी त्याच्यापुढं धरली.

"मले भूक ना..." सेवालाल सवयीनं म्हणायला गेला. मग त्यानं तिचे डोळे पाहिले, आणि गाडी थांबवली. "लागली हाये," तो म्हणाला. "लय लागली हाये."

त्यानं ती अर्धी भाकरी तिच्यादेखत शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मागं वळून पाहिलं तर तांडा आता दिसत नव्हता. तिथं बापूंची जेवायची वेळ झाली असेल. ताट धनी वाढेल, आणि अर्धी भाकरी सरकवायला समोर कमली नसेल. ते खातील का? की पुन्हा तेच म्हणतील...

कमलीला पुन्हा रडू फुटलं. सेवालालच्या खांद्यावर डोकं ठेवून ती खूप वेळ रडली. उरलेली शिदोरी तिच्या मांडीवर तशीच बांधलेली राहिली.